प्रवाशांचा वाली कोण?

पनवेल हे कोकणाचे दार. अलिबाग, पेण, महाडकडे जाणाऱ्या गाड्या येथे थांबतात, घाट उतरून मुंबईकडे जाणाऱ्या येथूनच पुढे जातात, आणि सायंकाळी लोकलमधून उतरलेला नोकरदार घरी पोहोचविणारे वाहन शोधू लागतो तोही येथेच. अशा गावी कोणती बस कोणत्या रस्त्याने व किती वेळा धावावी, हे ठरवितो कोण? सरकार, महामंडळ, महापालिका आणि परिवहन प्राधिकरण, असे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळते. परंतु आगाराच्या फाटकावर आणि रिक्षातळावर जे ठरते ते या चौघांनाही पुष्कळदा निमूटपणे मान्य करावे लागते. या विषयास आज पहिल्या पानावर स्थान देण्याचे कारण एवढेच की, ज्याच्या नावाने हा सारा कारभार चालतो त्या प्रवाशाला कोणी विचारीत नाही.

कामगारांनी संघटित होऊ नये असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. वस्तीची गाडी घेऊन आडगावी रात्र काढणाऱ्या चालक-वाहकांचे हाल ज्यांनी पाहिले आहेत, आणि करोनाच्या काळात त्यांचे वेतन कसे रखडले हे ज्यांना ठाऊक आहे, ते २०२१च्या एस. टी. संपाला निव्वळ आडदांडपणा म्हणणार नाहीत. त्या दिवसांत कित्येक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या, ही गोष्ट महाराष्ट्राला खचितच भूषणावह नव्हती. पण त्या संपाने पुढे कशी वळणे घेतली हेही आठवावे. ऑक्टोबरअखेर संघटनांच्या कृती समितीने महागाई भत्त्यावर तडजोड करून आंदोलन मागे घेतले. आगारांतील कामगारांनी ते मानले नाही. १९७१च्या कायद्याने वाटाघाटीचा अधिकार मान्यताप्राप्त संघटनेला दिला आहे खरा, पण ती बाजूला पडली आणि राजकारणी मंडळी पुढे सरसावली. गोपीचंद पडळकर व सदाभाऊ खोत आझाद मैदानात जाऊन बसले. नोव्हेंबरात परिवहनमंत्री अनिल परब यांनी मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर केली, तेव्हा ते दोघे दूर झाले आणि सूत्रे अॅड. गुणरत्न सदावर्ते यांच्या हाती गेली. शासनात विलीनीकरण, ही एकच मागणी उरली. त्रिसदस्य समितीने ती अव्यवहार्य ठरविली. ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने कामगारांना २२ एप्रिलपर्यंत रुजू होण्यास सांगितले. दुसऱ्याच दिवशी शरद पवार यांच्या निवासस्थानावर जमाव चालून गेला. पुढच्या वर्षी एस. टी. कर्मचाऱ्यांच्या सहकारी बँकेत सदावर्ते यांचे पॅनेल निवडून आले.

या हिशोबात पाच महिन्यांहून अधिक काळ वडापच्या गाडीला लोंबकळलेला प्रवासी कोठे दिसतो काय? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी खेड्यापाड्यांतील शाळा उघडल्या होत्या. महिना लोटण्यापूर्वीच एस. टी. थांबली. आम्ही एके काळी शाळेत शिकवीत होतो. बस आली नाही म्हणून गैरहजर राहिलेल्या मुलींची नावे हजेरीपटावर मांडताना कसे वाटते हे आम्हांस कोणी सांगावयास नको.

एस. टी.ची ही कथा, तर शहरातील फेऱ्यांची कथा निराळी. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली, परंतु त्यानंतर कित्येक वर्षे शहराला नवी मुंबईच्या परिवहन उपक्रमाच्या गाड्यांवर विसंबून राहावे लागले. बसचा नवा मार्ग निघाला की रिक्षा-संघटनांची कुरबूर सुरू होते, आणि त्या संघटनांच्या फलकावर कोणत्या ना कोणत्या पक्षाच्या पुढाऱ्याचे छायाचित्र हटकून असते. रिक्षावाल्याला दोष देणे सोपे आहे. २०१७ साली राज्य शासनाने परवान्यांवरील मर्यादा उठविली; कर्ज काढून ज्याने रिक्षा घेतली त्याला रांगेत तासभर ताटकळताना समोरून थोड्या पैशांत प्रवासी नेणारी बस शत्रूच वाटणार. परवाने खिरापतीसारखे वाटणाऱ्यांनी त्याच्या पोटाचा विचार केला नाही, आणि आता बसचा मार्ग आखतानाही ते आधी मतांचा अदमास घेतात.

मुंबईत याहून वेगळे काय चालले आहे? कै. शरद राव हे बेस्टच्या कामगारांचेही पुढारी होते आणि रिक्षाचालकांचेही. २०१९च्या जानेवारीत बेस्ट नऊ दिवस बंद राहिली, आणि ऑगस्ट २०२५मध्ये बेस्टच्या पतपेढीच्या २१ जागांसाठी राज्यातील बडे पक्ष विधानसभेच्या ईर्ष्येने लढले.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ६८वे कलम आमच्या वाचकांनी अवश्य पाहावे. वाहतूक-व्यवसायात ज्याचा आर्थिक हितसंबंध आहे, मग तो मालक असो वा नोकर, त्याला परिवहन प्राधिकरणाचे सभासद होता येत नाही. म्हणजे ज्याला कायद्याने दाराबाहेर ठेवले, तो बाहेरून घोषणा देऊन आतला निर्णय फिरवितो. त्याच कलमाने बिनसरकारी माणसाला सभासद नेमण्याची मुभा दिली आहे. पनवेलचे आमदार, महापालिका आणि शासन यांना आमचे सांगणे आहे की, त्या जागी नित्य बसने जाणारा एखादा नागरिक नेमण्याचा आग्रह त्यांनी धरावा, आणि मार्ग सुरू वा बंद करण्यापूर्वी त्याची कारणे स्थानकावर लावावीत. रिक्षा-संघटनेचे निवेदन आले असेल तर तेही त्या कारणांच्या शेजारी लावावे.