पेशव्यांच्या भुताचा हिशेब

भुतांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती भुतांची जाहिरात करणाऱ्यांबद्दल. अर्धा जन्म लेजरात मान घालून बसलेल्या माणसाला जमाखर्च जुळला नाही, की जेवण गोड लागत नाही. आणि शनिवारवाड्यातल्या भुताचा तर एकही आकडा जुळत नाही.

म्हणे दर पौर्णिमेच्या रात्री तिथे ‘काका, मला वाचवा’ अशी आरोळी ऐकू येते. (काही जण अमावास्या म्हणतात. पुण्यात एकमत व्हायचे कसे?) आता खाते उघडून पाहा. नारायणरावांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, भर दुपारी. म्हणजे पौर्णिमा नाही, अमावास्या नाही आणि रात्रही नाही. ज्या दालनांतून तो अठरा वर्षांचा पोर जीव घेऊन पळाला, ती १८२८ च्या आगीत खाक झाली. आणि ज्यांच्या नावाने हाका मारायच्या, ते राघोबादादा १७८३ मध्ये कोपरगावला वारले. तारीख चुकलेली, पत्ता रद्द, इसम मयत. असा चेक माझ्या काउंटरवर आला, तर मी वाचूनसुद्धा बघणार नाही.

पुणेकरांनाच कशाला बोल लावा? लिंकनसाहेबांना १८६५ साली गोळी लागली नाटकगृहात, प्राण गेला रस्त्यापलीकडच्या घरात, आणि भूत दिसते व्हाइट हाउसमध्ये! ही बदली कुणी मंजूर केली?

पण थट्टा राहू द्या. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्याच वाड्यात, त्याच नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव १७९५ मध्ये वरून कारंज्यावर पडला आणि एकविसाव्या वर्षी गेला. त्याच्या भुताची कुणी चौकशी करत नाही. का? तर त्याच्या वाट्याला टाळीचे वाक्य नाही! आणि चापाजी टिळेकर? गारदी धावून आले तेव्हा हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि धन्याबरोबर तोडला गेला. ‘मला वाचवा’ ही हाक ज्याने खरोखर ऐकली, असा हा माणूस. त्याला भूत व्हायचीही परवानगी नाही. मेल्यावरसुद्धा वर्ग एक आणि वर्ग चार! आणि एका पोराच्या मरणाची आरोळी आम्ही सहलीत भेळ खाता खाता चेष्टेने मारतो.

इथे दरेकशाजवळ कचारगडची गुहा आहे. माघी पौर्णिमेला हजारो गोंड मंडळी दूरदूरच्या राज्यांतून तिथे येतात. पौर्णिमा तीच, मेलेले पूर्वजच. पण कुणी दातखीळ बसवून घेत नाही. हळदकुंकू लावतात, पाया पडतात, पोराबाळांना त्यांच्या गोष्टी सांगतात.

मागे सदाशिव पेठेतले आमचे मेहुणे आले होते. गुहा पाहून झाली, हाजरा धबधबा झाला. स्टेशनकडे परतताना रेल्वेचा बोगदा दिसला, तशी त्यांची कळी खुलली. “इथं कुणाचं भूत आहे हो?”

मी म्हटले, “बोगदा मजुरांनी खोदलाय, भाऊसाहेब. भुतापर्यंत बढती मिळालेली नाही त्यांना.”

मेहुणे नाराज झाले. त्यांनी बोगद्याचा फोटोसुद्धा काढला नाही.