बाकावरची शाळा

3 डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. संयुक्त राष्ट्रांनी 1992 साली तो जाहीर केला आणि 2022 साली याच दिवशी महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग उघडला. नाशिकमध्येही आज विशेष शाळांतली मुले फेरी काढतील, गाणी म्हणतील, नाचतील, बक्षिसे घेतील. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण मंचापासून जरा दूर, हातात पाण्याची बाटली आणि खांद्यावरच्या पिशवीत कपड्यांचा एक जादा जोड घेऊन जे आईवडील उभे असतात, त्यांच्याकडे या दिवशी फारसे कुणी पाहत नाही. ही मुले इथपर्यंत आली ती त्यांच्यामुळे. आणि हे पालक इथपर्यंत टिकले ते बहुतांशी दुसऱ्या पालकांमुळे. या दुसऱ्या गोष्टीविषयी आज बोलायला हवे, कारण तिची नोंद कुठल्याच सरकारी तक्त्यात होत नाही.

आपल्या देशात या क्षेत्रातली जी कामे उभी राहिली, त्यांच्या मुळाशी बहुधा एखादे घर सापडते. मुंबईत 1944 साली वकील दांपत्याने शाळा काढली ती आपल्या मुलीसाठी. आजही ती संस्था जय वकील या नावाने ओळखली जाते. 1972 साली मिठू अलूर यांनी मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा त्यांची स्वतःची मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. दिल्लीत स्वमग्न मुलांचे काम मेरी बारुआ या आईने उभारले. इंग्लंडमध्ये 1946 साली ज्युडी फ्राइड या आईने ‘नर्सरी वर्ल्ड’ मासिकाला एक पत्र लिहिले. तिच्या मुलीला कुठली शाळा घेत नव्हती. आपल्यासारखे आणखी कोण आहे, एवढेच तिला विचारायचे होते. उत्तरे येत गेली आणि त्यातून पालकांची जी संघटना झाली ती आज मेनकॅप या नावाने जगभर माहीत आहे. एका पत्रातून एवढे झाले, कारण ज्या घरांत ते वाचले गेले त्या प्रत्येक घराला आपण एकटेच आहोत असे वाटत होते.

नाशिकला यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. रजनीताई लिमये या शिक्षिका होत्या आणि एका मतिमंद मुलाच्या आई होत्या. तेव्हा शब्द मतिमंद हाच होता, त्यांनी तो टाळला नाही. 1977 साली त्यांनी नाशिकमध्ये प्रबोधिनी या संस्थेची सुरुवात केली. त्या काळात अशा मुलाला पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवायचे, लग्नकार्याला न्यायचे नाही, आणि सुनेच्या पोटी असे मूल आले म्हणून तिलाच बोल लावायचा, ही रीत होती. अनेक घरांत ती अजूनही आहे. अशा गावात एक आई आपल्या मुलाला घेऊन उघडपणे बाहेर पडते आणि इतरांना म्हणते की तुमच्याही मुलाला आणा, हे धाडस आज मोजता येणार नाही. पुढे वर्ग वाढले, मुले मोठी झाली तशी त्यांच्या हाताला काम देणारी संरक्षित कार्यशाळा आली. जयवंत दळवींनी ‘नातीगोती’ नाटकातून हे दुखणे मराठी प्रेक्षकासमोर मांडले, त्याच्या कितीतरी आधी नाशिकच्या काही घरांनी त्यावर एकत्र बसून काम सुरू केले होते.

संस्थेचा इतिहास लिहिला जातो, तिला पुरस्कार मिळतात. पण संस्थेच्या बाहेरच्या बाकावर जी शाळा भरते तिचा इतिहास कुणी लिहीत नाही. थेरपीच्या केंद्रात मूल आत पाऊण तास असते आणि आई बाहेर बाकावर. शेजारी दुसरी आई. पहिल्या दिवशी दोघी मोबाइलमध्ये पाहत बसतात. मग कधीतरी एक विचारते, “तुमचा किती वर्षांचा?” तिथून जे सुरू होते ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. यंत्राच्या आवाजाला घाबरणाऱ्या मुलाचे केस शांतपणे कात्रीने कापणारा न्हावी कुठे आहे. कोणता दंतवैद्य मुलाला धरून ठेवायला न सांगता तपासतो. फिट आली तर तोंडात काही घालू नको, कुशीवर वळव आणि घड्याळ बघ. रात्री झोपतच नसेल तर दुपारचे झोपणे कसे कमी करत न्यायचे. आणि सर्वांत हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न मुलीच्या आईचा असतो. हिला पाळी आली की कसे शिकवायचे? त्याचे उत्तर एका आईने दुसऱ्या आईला, घरी बाहुलीवर कसे दाखवले, किती महिने लागले, कुठे चुकले, अशा तपशिलाने द्यावे लागते. पुस्तकात ते सापडले तरी त्यातून धीर येत नाही.

निदान झाल्यानंतरचे पहिले काही महिने फार वाईट असतात. दवाखान्यात दहा मिनिटांत एक शब्द हातात पडतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, जो असेल तो. घरी आल्यावर नातेवाईक सांगतात, “बोलेल हळूहळू, याचा काकाही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता.” कुणी पत्रिका पाहायला सांगते, कुणी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या म्हणते. त्या सांगणाऱ्यांचे प्रेम खोटे नसते आणि पूजेला बसणाऱ्या आईची श्रद्धाही खोटी नसते. पण या सगळ्यात मौल्यवान महिने निघून जातात, आणि आईला जे ऐकायचे असते ते कुणाकडूनच येत नाही. ते दहा वर्षे पुढे गेलेली आईच सांगू शकते: “माझाही असाच होता. आता स्वतः अंघोळ करतो, स्वतः जेवतो. अजून पूर्ण बोलत नाही, पण काय हवे ते सांगतो.” या तीन-चार वाक्यांत खोटी आशा नाही आणि निराशाही नाही. तज्ज्ञाला उपचार सांगता येतो. जगून दाखवलेले आयुष्य समोर ठेवता येते ते फक्त दुसऱ्या पालकाला.

कागदपत्रांच्या बाबतीत तर पालकच पालकाचा वकील असतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 साली आला, एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे, अध्ययन अक्षमतेचीही आहे. 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दर 5 वर्षांनी शाळेत जाणाऱ्या मुलांची पाहणी करून अशी मुले शोधण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीला काळजीवाहकासाठी भत्ता देण्याचाही उल्लेख आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यामुळे ‘निरामय’ हा 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मूल 18 वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान ठरते आणि आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. हे किती पालकांना शाळेने, रुग्णालयाने किंवा सरकारी कार्यालयाने स्वतःहून सांगितले? ज्याने आधी त्या खिडक्यांवर चकरा मारल्या, तोच पुढच्याला सांगतो की कोणता कागद सोबत न्यायचा, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचे काय करायचे, एसटीची 75 टक्के सवलत कशी घ्यायची.

या बाकावर वडील कमी दिसतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या बापाला मंगळवारी सकाळी 11 वाजता थेरपीला येता येत नाही, हे खरे. पण काही वडील येऊ शकत असूनही येत नाहीत, कारण त्यांना बोलायचे कसे ते कुणी शिकवलेले नाही. आई रडते, बोलते, मैत्रिणी करते. बाप गप्प राहतो आणि पैशाची जुळवाजुळव करतो. पालकांच्या सभा रविवारी सकाळी घेतल्या तर बरेच वडील येऊ शकतील. एखादा बाप दुसऱ्या बापाला म्हणाला की मीही दोन वर्षे कुणाला सांगितले नव्हते, तर त्या घराचे ओझे थोडे तरी वाटले जाईल.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विशेष मुलांच्या पालकांतही उतरंड असते. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाचे पालक मतिमंद मुलाच्या पालकांशेजारी बसायला कचरतात. आपले मूल नेहमीच्या शाळेत आहे, हुशार आहे, फक्त लिहिताना अडखळते, हे त्यांना सतत सिद्ध करावेसे वाटते. ‘तारे जमीन पर’ 2007 साली आला तेव्हा अनेक घरांना आपल्या मुलाचे नाव सापडल्यासारखे झाले, पण शेजारच्या घराशी नाते जुळले असे म्हणता येत नाही. या मुलांच्या अडचणी वेगळ्या, हे मान्य. दहावीच्या परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक ही त्यांची लढाई, तर दुसऱ्या घरात बटण लावता येणे हा विजय. तरीही शाळेने दारातून परत पाठवलेल्या मुलाच्या आईची चीड दोन्हीकडे सारखीच असते, आणि ती एकत्र मांडली तर ऐकली जाण्याची शक्यता वाढते. 1995 साली देशभरच्या पालक संघटनांनी ‘परिवार’ हा महासंघ स्थापन केला तो याच समजुतीने.

पालकांचा सल्ला नेहमी बरोबरच असतो असे मात्र समजू नये. हताश माणसाला कुणी उपाय विकला की तो आपल्या मित्रालाही तोच सांगतो. स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचारांसाठी लाखो रुपये घालवलेली घरे महाराष्ट्रात आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळाने 2022 साली असा उपचार स्वमग्नतेसाठी करणे हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे म्हटले, तरी एका पालकाकडून दुसऱ्याकडे त्याचा पत्ता फिरतच राहतो. म्हणून पालकांच्या गटाला जाणत्या विशेष शिक्षकाची आणि डॉक्टरांची साथ लागतेच. पालकांनी आधार द्यावा, अनुभव द्यावा. औषध देऊ नये.

शहरातल्या बाकाची ही गोष्ट सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या आईला लागू पडत नाही. तिथून नाशिकला यायचे तर पूर्ण दिवस जातो, रोज बुडतो. ऑक्टोबरला द्राक्षाची छाटणी सुरू झाली की ही कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या मळ्यांवर कामाला येतात आणि मुलाचे जे काही सुरू झालेले असते ते तुटते. तिला आठवड्यातून दोनदा थेरपीला या असे सांगणे हा सल्ला म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडी आणि शाळांपर्यंत जातात, मुले शोधतात, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पुढचा दुवा जोडायला हवा तो गावाजवळच. आशाताईला त्या भागातली अशी चार घरे माहीत असतात. ती चार घरे महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी अंगणवाडीत एकत्र आली आणि गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक तिथे आले, तर त्याला फार पैसे लागणार नाहीत. मळ्यावर स्थलांतर झाले तरी त्या आईकडे कुणाला तरी फोन करण्याइतके नाते उरेल.

आणि मग तो प्रश्न, जो प्रत्येक पालकाच्या मनात मूल लहान असल्यापासून असतो आणि साठीनंतर झोपू देत नाही: आमच्यानंतर याचे काय? काहींनी याचेही उत्तर एकत्र शोधले. अमेय पालक संघटनेच्या पालकांनी डोंबिवलीजवळ खोणी गावात ‘घरकुल’ उभे केले. आपल्या मुलांनी एकत्र, घरासारखे राहावे म्हणून पालकांनीच बांधलेले घर. नाशिकमध्ये विद्याताई फडके यांनी मतिमंद मुलींसाठी त्याच नावाचे काम उभारले. अशी घरे गरजेच्या मानाने थोडी आहेत आणि बहुतेक देणग्यांवर चालतात. भावंडांवर सगळे सोडून देणे हा मार्ग आपण फार काळ वापरला. बहिणीचे लग्न ठरताना भावाचे अपंगत्व लपवायचे आणि आईवडील गेल्यावर त्याच बहिणीने त्याला सांभाळावे अशी अपेक्षा ठेवायची, हा त्या दोघांवरही अन्याय आहे. पालक पन्नाशीत असतानाच एकत्र आले, ट्रस्ट केला, जागा पाहिली, तर काही होऊ शकते. सत्तरीत ते जमत नाही.

2027 साली नाशिकमध्ये सिंहस्थ भरेल. त्यासाठी रस्ते होतील, पूल होतील, घाट बांधले जातील. त्याच वर्षी प्रबोधिनीला 50 वर्षे पूर्ण होतील. एका आईने सुरू केलेल्या कामाच्या पन्नाशीला शहराने काय द्यावे? आमची मागणी लहान आहे. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात एक खोली आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस पालकांना द्यावा. तिथे अनुभवी पालक बसतील, त्यांना येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन मिळेल. ज्या मुलाचे निदान त्या आठवड्यात झाले, त्याचे आईवडील घरी जाण्याआधी त्या खोलीत थांबतील. प्रत्येक तालुक्याच्या गट साधन केंद्रात महिन्याला एक पालकसभा व्हावी आणि ती विशेष शिक्षकाच्या कामात धरली जावी. जिल्हा प्रशासनाने कायदेशीर पालकत्वाची शिबिरे घ्यावीत, तीही रविवारी.

वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या इमारतीत, गल्लीत, भावकीत असे एखादे घर असेल तर त्यांना उपाय सुचवू नका. अशाच दुसऱ्या घराची आणि त्यांची ओळख करून द्या, आणि पुढच्या हळदीकुंकवाला, वाढदिवसाला, लग्नाला त्या मुलालाही नाव घेऊन बोलवा.