चर्चासत्रात चर्चा कधी होते?



बर्‍याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गुडघेदुखी आणि आळस, दोन्ही कारणं खरी. पण मागच्या आठवड्यात एका महाविद्यालयातल्या चर्चासत्राला जाऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतो आहे. तो इथे काढून ठेवते.

विषय होता 'शिक्षण, समुदाय आणि समाज'. माझी भाची तिथे निबंध वाचणार होती. "मावशी, तू पण चल, तुझाच विषय आहे," म्हणाली. नागापूरहून रिक्षा करून साडेनऊला पोचले. उद्घाटन दहाचं, पाहुणे आले सव्वाअकराला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय (हा परिचय भाषणाहून मोठा!), बीजभाषण, आणि आभार मानता मानता जेवणाची वेळ झाली. जेवण मात्र छान होतं, खोटं कशाला बोलू.

दुपारी तीन खोल्यांत तीन सत्रं एकाच वेळी. आमच्या खोलीत तेवीस निबंध. प्रत्येकाला सात मिनिटं, सहाव्या मिनिटाला घंटा. आपला निबंध वाचून झाला की माणूस उठून प्रमाणपत्राच्या टेबलाकडे. चार वाजता खोलीत आम्ही नऊ जण उरलो होतो.

भाचीला विचारलं, हे असं का? ती हसली. "मावशी, गुण लागतात." मग तिने सगळं समजावून सांगितलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला की १० गुण, राष्ट्रीय परिषदेत ७.५, राज्य पातळीवर ५ आणि स्थानिक असेल तर ३. तेव्हापासून गावोगाव परिषदांचं पीक आलं. २०१८ च्या नियमांत हे गुण बरेच कमी केले, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीयला ३. पण एकदा लागलेली सवय लगेच सुटते का? मला प्राध्यापक मंडळींचा राग नाही. त्यांनाही पोटं आहेत. ज्या वजनकाट्यावर निबंध नुसते मोजले जातात, तिथे निबंधांची संख्याच वाढणार.

परत निघताना एका मुलाने माझ्याही हातात प्रमाणपत्र ठेवलं. घरी येऊन चष्मा लावून पाहिलं तर मी शोधनिबंध सादर केल्याचं त्यात लिहिलेलं! अख्ख्या दिवसात मी पाणी मागण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

पण या सगळ्यात एक निबंध खरा होता. विशी-पंचविशीची एक मुलगी, विषय ऊसतोड कामगारांची मुलं. तिने पुस्तकांतून गोळा केलं नव्हतं. फडावर जाऊन, कोपीत बसून, आयांशी बोलून आली होती. आमच्या जिल्ह्यात पाथर्डी-शेवगावकडून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे मुलं सांभाळायला कोणी नसलं की मुलंही बरोबर, आणि मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपीपाशी. ती पोर सांगत होती की शाळेच्या हजेरीपटावर ही मुलं कधीकधी गैरहजर दिसतच नाहीत. का दिसत नाहीत, हे ती सांगणार, तेवढ्यात घंटा झाली. अध्यक्ष म्हणाले, "कृपया आवरतं घ्या." तिने आवरलं. पुढचा निबंध सुरू झाला.

का दिसत नाहीत ते मला माहीत होतं, कारण मी ते केलेलं आहे.

नोकरीतली माझी काही वर्षं त्या भागात गेली. पट कमी झाला तर शिक्षकाचं पद जाईल ही भीती. माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर तोडीला गेली आणि मी तिची हजेरी लावत राहिले. एकदा केंद्रसंमेलनात एक तरुण गुरुजी उठले आणि सरळ म्हणाले, "माझी चार पोरं तोडीला गेली आहेत आणि मी त्यांना हजर दाखवतोय. काय करू?" सगळे गप्प. मग मागून एक बाई म्हणाल्या, माझी दोन. मग मी म्हणाले, माझी एक. अर्ध्या तासात सगळ्या केंद्राचा खरा आकडा समोर आला. त्यातूनच, कोणत्या मुलाची आजी गावात आहे, कोणाच्या चुलत्याकडे राहता येईल, अशी यादी झाली आणि पुढच्या दिवाळीत त्यातली काही मुलं गावातच राहिली. सगळी नाही.

केंद्रसंमेलनं फार थोर असायची असं समजू नका. परिपत्रकाचं वाचन, आदर्श पाठ, चहा-पोहे, आणि घड्याळाकडे लागलेले डोळे. पण तिथे बसलेला प्रत्येक जण दुसर्‍या दिवशी वर्गात उभा राहणार होता. त्यामुळे कधीतरी कोणी खरं बोलायचं, आणि बोलणार्‍याला कोणी घंटा वाजवायचं नाही.

आपल्या नगरला तर याची मोठी परंपरा आहे. फॅरारबाईंची मुलींची शाळा इथे पाहून जोतीराव फुले भारावले होते, आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फॅरारबाईंकडेच अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. त्यात काय मागितलं पाहा: बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मास्तरांना महिना निदान बारा रुपये द्या आणि मोठ्या गावांत पंधरा-वीस, नांगर धरायची लाज न वाटणारे मास्तर नेमा. एकेक ओळ अशी की वाचणार्‍याला हो किंवा नाही म्हणावंच लागेल. आमच्या चर्चासत्रातल्या तेवीस निबंधांपैकी बावीस असे होते की त्यांना हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, काहीच फरक पडणार नव्हता.

माझं मत विचाराल तर तेविसाऐवजी पाच निबंध ठेवा. प्रत्येकाला पाऊण तास द्या, त्यातला अर्धा प्रश्नांना. आणि ज्यांच्यावर निबंध आहे त्यांच्यातलं एक माणूस तरी खोलीत असू द्या, मग ती कोपीतली आई असो नाहीतर आमच्या एमआयडीसीत बिहारहून आलेला, पोराला मराठी शाळेत घालणारा बाप. व्यासपीठावर नको, खुर्चीवर चालेल. तिकीटखर्च शालींच्या पैशात निघेल.

त्या मुलीला मी बाहेर गाठलं आणि घरी बोलावलं. रविवारी आली, दोन तास बसली. मी हजेरीपटाची गोष्ट सांगितली, न लपवता. तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "बाई, ती मुलगी पुढे कुठवर शिकली?"

मला सांगता आलं नाही. त्या गावात जुन्या ओळखीचं एक घर आहे, तिथे फोन लावून पाहते आहे. कळलं की इथे लिहीन.