झाडूवाली जहाजं कुठे आहेत?

होर्मुझच्या सामुद्रधुनीचं नाव बातम्यांत आलं की आमच्या हर्सूलमध्ये पहिला प्रश्न पडतो तो गॅसच्या टाकीचा. बरोबरच आहे म्हणा. भारत निम्म्याहून जास्त एलपीजी आयात करतो आणि त्यातला बहुतेक आखातातून येतो. पण दुसरा प्रश्न कोणीच विचारत नाही. उद्या आपल्याच बंदराच्या तोंडाशी कोणी पाणसुरुंग टाकले, तर ते काढणार कोण?

"मुंबईत कोण येतंय सुरुंग टाकायला?" मंडळी, येऊन गेलेत! १९१७ च्या फेब्रुवारीत 'वोल्फ' हे मालवाहू जहाजाचा वेष घेतलेलं जर्मन जहाज मुंबईबाहेर सुरुंग पेरून गेलं. २३ जूनला, म्हणजे चार महिन्यांनी, त्यातल्याच एकावर 'मंगोलिया' ही पी अँड ओ कंपनीची बोट बुडाली. पेरणारा तोवर कुठल्या कुठे!

बरं, हे हत्यार स्वस्त किती? १९८८ मध्ये इराणच्या एका सुरुंगाने अमेरिकेच्या 'सॅम्युअल बी. रॉबर्ट्स' या युद्धनौकेला भोक पाडलं. त्या सुरुंगाचं मूळ डिझाइन १९०८ चं, किंमत जेमतेम दीड हजार डॉलर. दुरुस्तीचा खर्च सुमारे ९ कोटी डॉलर! आधुनिक सुरुंग तर जहाजं मोजतात. पहिली चार जाऊ देतात, पाचव्याला फुटतात. म्हणजे "चार गेली, रस्ता साफ" हे टेस्टिंगही फसवं.

आता आपला हिशोब. १९७८ ते ८८ दरम्यान सोव्हिएत रशियाकडून १२ माइनस्वीपर घेतले. शेवटचा, 'आयएनएस कोळिकोड', २०१९ मध्ये निवृत्त झाला. नवे? गोवा शिपयार्डमध्ये कोरियन मदतीने १२ बांधायचे होते, सुमारे ३२,००० कोटींचे. अनेक वर्षं घोळ घालून २०१८ मध्ये तो प्रस्तावच गुंडाळला. जुलै २०२५ मध्ये पुन्हा तत्त्वतः मंजुरी. तत्त्वतः! मंजुरी म्हणजे जहाज नव्हे.

काहीजण म्हणतील, आता ड्रोन आहेत की. आहेत, आणि हवेतच. पण मैलोन्‌मैल समुद्रतळ विंचरायचा तर त्यांना वाहून नेणारी जहाजं आणि सराव असलेली माणसं लागतातच.

२०२२ मध्ये 'विक्रांत' आली तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो फॉरवर्ड केले. अभिमान मलाही आहे. पण बंदराच्या तोंडाशी सुरुंग असेल तर विक्रांतसुद्धा धक्क्यालाच बांधलेली राहणार. आणि वाळूजचा माल न्हावाशेव्याच्या यार्डात.

आपल्या धंद्यात बॅकअप न ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो? तेच इथे म्हणायला का कचरतो? झाडूचा फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही, म्हणून झाडू विकतच घ्यायचा नाही, असं असतं का कुठे? पुढच्या वेळी खासदार साहेब 'नौदल सामर्थ्या'वर बोलले, की एवढंच विचारा: पहिला माइनस्वीपर पाण्यात कधी उतरणार? तारीख सांगा.