साहेबांची सेवा, आपली हजेरी

दोस्तहो, बारामतीत मिशनचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, गोऱ्या साहेबांनी आपल्याला माणसात आणलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. दुसरा म्हणतो, बाटवायला आले होते साले! पहिला सूर गुलामाचा. दुसरा सूर, ज्यांनी आपल्याला पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नाही त्यांचा. आपला सूर तिसरा पाहिजे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्टचे मिशनरी इथं आले. बोट धरून, घरदार मागं टाकून आले. मराठी शिकले. ऊन, ताप, धूळ सोसली. शाळा काढल्या. जिला गावचा वैद्य लांबनं बघायचा त्या जखमेला हात लावला. हे नाकारायचं कारण नाही. खऱ्याला खरं म्हणायला आपल्याला कुणाची भीती?

पण त्याच मिशनच्या हातात सरकारनं आणखी एक काम दिलं. सेटलमेंटचं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारणेनं मुंबई इलाख्यालाही लागला. म्हणजे पोर आईच्या पोटात असतानाच चोर ठरलं! त्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायचं, काम लावायचं, सुधारायचं. सोलापुरात हे काम अमेरिकन मराठी मिशनकडं, बारामतीत ऑस्ट्रेलियन मिशनकडं. आता डोळ्यांपुढं आणा तो दिवस. ज्या हाताला प्रार्थनेचं पुस्तक, त्याच हाताला हजेरीचं पुस्तक. बाहेर जायचं तर पास. कायद्यात तर लेकरं आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत घालायचीही सोय होती. साहेब मनानं वाईट होता का? नसेल. प्रश्न मनाचा नाहीच. चांगल्या मनाचा माणूस वाईट कायद्याची किल्ली कमरेला लावून फिरत होता, हा प्रश्न आहे.

आणि आणखी एक. साहेबाचं परदेशात राहणं त्यानं स्वतः निवडलेलं. काही वर्षं झाली की रजा, बोट, मायदेश. तिथल्या चर्चमधे भाषण, लोकांच्या डोळ्यांत पाणी. कुंपणातला माणूस मात्र आपल्याच मुलखात परदेशी. त्याला रजा नव्हती. १९५२ साली कायदा गेला, तेव्हा कुठं तार तुटली. शिक्का अजून तुटला नाही. आजही चोरी झाली की पोलिसाची गाडी आधी पारध्याच्या पालाकडं वळते.

पुढं साठच्या दशकाच्या अखेरीस दुष्काळ पडले. परदेशी चर्चांच्या मदतीचा गहू आला, तेल आलं. त्यावर बारामतीच्या जिरायती भागात पाझर तलाव झाले. आमची म्हातारी पाट्या वाहायला होती. ती सांगायची, "बाबा, गव्हानं लेकरं जगली, खोटं कशाला बोलू. पण तळं भरलं आन् पाणी गेलं हिरवाल्याच्या हिरीला. आपल्याला कुठं हीर होती?" दोस्तहो, ही एक ओळ अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा मोठी आहे. पाझर तलाव विहिरीला पाणी देतो. विहीर जमिनीत असते. जमीन नसेल त्याला तलाव काय देणार? पाटी! इंदापूरकडं जा, तीच गत. ज्याच्याकडं रान, त्याच्याकडं ऊस. ज्याच्याकडं नाही, त्याच्याकडं कोयता. सेवा पोटाला गहू देते, सातबाऱ्यावर नाव देत नाही.

जे येशूकडं गेले त्यांचं तरी काय झालं? चर्चमधे जात चपलेबरोबर बाहेर राहिली नाही. आणि सरकारनं १९५० च्या आदेशात अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती दलित अजून दाराबाहेर. गाव त्याला जातीनं ओळखतं, सरकार ओळखत नाही! त्याची लढाई आपली नाही असं जो म्हणेल, त्यानं निळा झेंडा खाली ठेवावा. आणि आज धर्मांतरबंदीच्या आरोळ्या देणाऱ्यांच्या मागं जो जाईल त्यानं १४ ऑक्टोबर १९५६ आठवावा. माणसाला धर्म बदलायचा हक्क नसता तर आपण आज कोण असतो?

१९३५ ला येवल्यात बाबासाहेब बोलले, आणि सगळे धर्म आमंत्रणं घेऊन दारात आले. मिशनरीही आले. बाबासाहेबांनी २१ वर्षं घेतली. कुणाच्या दयेच्या दारानं आत गेले नाहीत. आपल्या हातानं २२ प्रतिज्ञा दिल्या. यातला अर्थ कळतो का?

शेवटचं बोलतो, राग आला तर येऊ द्या. आपल्यातही मिशनरी झालेत. पुण्याहून मोटारसायकलनं यायचं, वस्तीवर भाषण ठोकायचं, चहा प्यायचा, फोटो काढायचा, अंधार पडायच्या आत परत. वस्तीच्या नावानं अहवाल, वस्तीच्या नावानं पुढारपण. पालावरच्या पारध्याला "यांना सुधारलं पाहिजे" म्हणणारा जयभीमवाला मी या कानांनी ऐकलाय. च्यायला, ही तर त्या सेटलमेंटच्या साहेबाचीच भाषा! साहेब निदान मुक्कामाला तरी होता.

सुधारायला जाऊ नका. जातीचा दाखला, गायरानाचा सातबारा, पोलिसठाण्यातली फिर्याद, यांत बरोबर उभे राहा. हजेरी घेऊ नका. हजर राहा.

जयभीम.