शहराची तहान व नदीचा मासा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून कोंकणांतील ओढ्यांस गढूळ लोंढा आला म्हणजे नदींतील मासे प्रवाहाच्या उलट चढूं लागतात. अंडीं घालण्यासाठीं उथळ, दगडगोट्यांच्या जागीं, कधीं कधीं तर थेट भाताच्या खाचरांत पोंचणारी ही जी त्यांची चढण, तिला ठाणें-कुलाब्याकडील लोक वलगण म्हणतात. धरणाच्या अंदाजपत्रकांत सिमेंटास सदर लागतें, पोलादास लागतें, विस्थापितांच्या घरांसही आतां लागूं लागलें आहे. वलगणीस मात्र तेथें जागा नाहीं, आणि ती नसण्याचें कोणास कांहीं वाटतही नाहीं. आमची तक्रार आहे ती या दुसऱ्या गोष्टीविषयीं.

मुंबईचीच गोष्ट घ्या. विहार १८६० सालीं झालें, तुळशी १८७९ त, तानसा १८९२ त. पुढें वैतरणेकडे दृष्टि वळली. १९५७ त मोडकसागर, नंतर अपर वैतरणा, आणि २०१४ त मध्य वैतरणेची १०२ मीटर उंचीची भिंत. एका नदीवर तीन बांध! आतां तिचीच उपनदी जी गारगाई, तिच्यावर तानसा अभयारण्याच्या हद्दींत धरण बांधून रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी बोगद्यानें मोडकसागरांत आणण्याची योजना आहे. शेतीच्या धरणाचें पाणी निदान त्याच मुलुखांत खेळतें. झिरपून थोडेंबहुत ओढ्यास मिळतें. पिण्याचें पाणी बंद नळांतून शहरास जातें व शहराच्या मोऱ्यांवाटे समुद्रास मिळतें. नदीच्या दृष्टीनें तें गेलें तें गेलेंच.

अशा धरणाची छाननी अधिक कसून व्हावी, असें कोणाही समंजस माणसास वाटेल. कायदा मात्र उलट बोलतो! २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनें मोठ्या जलविद्युत् व सिंचन प्रकल्पांस पूर्वपरवानगीचें बंधन घातलें. केवळ पिण्याच्या पाण्यासाठीं बांधलेल्या धरणाचें नांव त्या यादींत घातलेंच नाहीं. जंगल बुडत असेल तर वनखात्याची संमति लागते हें खरें. पण तेथें हिशेब होतो तो मुख्यतः झाडांचा व जमिनीचा. इ. स. १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्यानें दारूचे स्फोट करून अथवा विष घालून मासे मारणें हा गुन्हा ठरविला, व मासे धरण्यासाठीं घातलेल्या बांधांवर नियंत्रण ठेवण्याची सोय केली. आदिवासीनें ओढ्यास घातलेला गुडघाभर बांध सरकारच्या नजरेंत भरला. शंभर मीटरांचा भरला नाहीं.

येथें कोणी म्हणेल, ‘माणसें तहानेनें तळमळत असतां प्रोफेसरांस माशांचा पुळका!’ हा आक्षेप ऐकावयास भारदस्त, पण पोकळ आहे. धरण बांधूं नका असें आम्हीं म्हटलेलें नाहीं. बांधतांना नदी जिवंत राहील असें बांधा, एवढेंच म्हणणें आहे.

दुसरा आक्षेप अधिक लबाड आहे: ‘धरण झालें कीं मासे वाढतात, आम्ही बीज सोडतों.’ होय, वाढतात; पण कोणते? कटला, रोहू, मृगळ, हे गंगेकडचे पाहुणे. आणि त्यांच्या जोडीस आफ्रिकेंतून आलेली चिलापी. साइक्स नांवाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानें १८३९ त दख्खनच्या माशांचें वर्णन केलें, तेव्हां ‘खुद्री’, ‘मुल्या’ अशीं मराठी नांवेंच त्यानें शास्त्रांत रूढ केलीं. त्यांपैकीं मळ्या वाहत्या पाण्यांत खडकास चिकटून शेवाळ खरवडून खातो; साठ फूट खोल, स्तब्ध पाण्याच्या तळच्या गाळांत तो काय खरवडणार? खुद्री म्हणजे आपला महाशीर. साइक्सला तो मुळा-मुठेंत मिळाला. त्या मुठेच्या खोऱ्यांत आज चार धरणें आहेत. आणि अहीर तर वाढतो नदींत व अंडीं घालावयास जातो समुद्रांत. त्याचीं पिलें परत येतात तीं भिंतीशीं अडतात. तळें माशांनीं भरलें म्हणून नदीचे मासे राहिले असें म्हणणें, म्हणजे गांव उठवून तेथें बाजार भरविला व लोकसंख्या वाढली असें सांगण्यासारखें आहे.

बीज सोडण्याच्या या उत्साहाचें एक फळ तर कावेरींत दिसलें. लोणावळ्याजवळ वळवण येथें महाशिराची पैदास होऊं लागली. हेतु स्तुत्यच होता. तें बीज दूरदूर, कावेरींतही सोडण्यांत आलें. तेथें मूळचा कुबड्या महाशीर हटत गेला, व पाहुणा खुद्री पसरला. त्या कुबड्याची शास्त्रीय ओळख २०१८ सालीं पक्की झाली, ती तो नष्टप्राय ठरला असतांना. मासा पेटींत घालून कोठेंही नेतां येतो. त्याचा डोह नेतां येत नाहीं.

शिडीचा उपायही आम्हांस फारसा पटत नाहीं. शंभर मीटरांच्या भिंतीवर चढणारा मासा सह्याद्रींत नाहीं. करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. पाया खणण्यापूर्वीं वर्षभर, तिन्ही ऋतूंत, नदीचे मासे व त्यांचे विणीचे ठाव मोजावे. पाणी सोडण्याचीं द्वारें निरनिराळ्या उंचीवर ठेवावीं, कारण तळाचें पाणी थंड व प्राणवायूवांचून असतें. उन्हाळ्यांतही नदींत धार राहील इतकें पाणी सोडावें, आणि मृगानंतर पहिला लोंढा कांहीं दिवस तसाच जाऊं द्यावा. एका नदीवर तीन भिंती झाल्या असतील, तर तिची एखादी उपनदी उगमापासून संगमापर्यंत मोकळी ठेवावी. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडींत देवीच्या नांवानें महाशिरास कोणी हात लावीत नाहीं. तेथें ना खातें, ना अधिसूचना. तरी डोह राखला आहे.

गारगाईस अजून भिंत नाहीं. मत्स्यगणनेस एक पावसाळा, एक हिंवाळा व एक उन्हाळा लागेल. ती करून तिचा अहवाल मराठींत छापावा व ओगद्याच्या चावडींत वाचून दाखवावा. तेथील लोकांस कोणता मासा कोठें चढतो हें ठाऊक आहे, ते चुका काढतील.