"घरी घेऊन जा, सेवा करा" म्हणजे नक्की काय करायचं?

मित्रांनो, आज जरा मोठं लिहितोय. नगरपंचायत नाही, पाणी नाही, रस्त्याचे खड्डे नाहीत. निवांत असाल तेव्हा वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात अण्णांचं वर्षश्राद्ध झालं. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी जिल्ह्याला नेऊन सोडलं असेल. त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. तंबाखूचं पुराण सांगत बसत नाही. ऑपरेशन झालं, तेहतीस शेक झाले, केमो झाली. वर्षभर बरं गेलं आणि मग मानेत गाठ आली. पुन्हा केमो. त्यात माणूस निम्मा झाला.

मग एका दुपारी मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "आता आणखी औषध दिलं तर त्याचाच त्रास होईल. घरी घेऊन जा, सेवा करा."

डॉक्टर चुकीचं बोलले नाहीत, हे आधीच सांगतो. अण्णांचं शरीर आणखी केमो झेलण्यासारखं राहिलं नव्हतं. खोटी आशा दाखवून आणखी दोन लाख उकळले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पण "सेवा करा" म्हणजे काय करायचं, हे कुणीच सांगितलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर दुखण्याची एक गोळी, पित्ताची एक गोळी आणि खाली "गरज वाटल्यास दाखवा" असं लिहिलेलं. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, काउंटरवर विचारत होता, "गरज वाटल्यास कुठं दाखवायचं?" पाच मिनिटांत पुढचा पेशंट आत गेला.

इथं मला स्वतःबद्दल एक कबुली द्यायची आहे. अठरा वर्षं मी या तालुक्यात पत्रकारिता करतोय. "कॅन्सरग्रस्त तरुणाला हवा मदतीचा हात" अशा किती बातम्या मी केल्या, मोजलेलं नाही. फोटो, खाते क्रमांक, मदतीचं आवाहन. पैसे जमले की आणखी एक बातमी. पण उपचार थांबल्यावर त्या माणसाचं पुढं काय झालं, हे विचारायला मी एकदाही गेलो नाही. माझ्या घरात हे घडलं नसतं तर आजही गेलो नसतो.

घरी आल्यावर बैठक बसली. दादा म्हणाला मुंबईला नेऊ. मेव्हण्याला कुठल्यातरी राज्यातला जडीबुटीवाला माहीत होता. कुणी म्हणालं रस्त्यालगतचं अर्धा एकर काढू, पण माणूस असा सोडायचा नाही. बोलणाऱ्यांत मीही होतो. अण्णा आतल्या खोलीत होते आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. शेवटी काकूच म्हणाल्या, "त्यांना तर विचारा."

अण्णांना तेव्हा बोलता येत नव्हतं, नाकात नळी होती. नातवाच्या पाटीवर त्यांनी लिहिलं, "घरीच. पण दुखणं थांबवा."

त्यातली पहिली मागणी आम्ही लगेच मान्य केली. दुसरीला अकरा दिवस लागले.

ते अकरा दिवस आणि अकरा रात्री मी विसरणार नाही. माणूस भिंतीवर डोकं आपटत होता. गावातल्या डॉक्टरांनी भल्या मनाने येऊन इंजेक्शनं दिली, दोन-तीन तास बरं, मग पुन्हा तेच. मला कुणीतरी मॉर्फिनचं नाव सांगितलं. मी मेडिकलची दुकानं पालथी घातली. एकाने तर हळूच विचारलं, "पत्रकार, स्टिंग करताय का?"

आता हे मॉर्फिन काय आहे ते ऐका. ते अफूपासून बनतं. जगात मोजक्या देशांत अफूची कायदेशीर शेती होते आणि त्यात आपला देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर शेतकरी अफू पिकवतात. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन सांगून ठेवलंय. गोळी स्वस्त आहे. मग मिळत का नाही? कारण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने दुकानदार, डॉक्टर, रुग्णालय सगळे इतके धास्तावले की ठेवायलाच कुणी तयार होईना. २०१४ मध्ये संसदेने तो कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने गोळा करावे लागत नाहीत, राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. बदल होऊन दहा वर्षं उलटली. कागद बदलला, भीती तशीच राहिली.

अखेर दीडशे किलोमीटरवरच्या एका रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी असल्याचं कळलं. सरकारी मराठीत याला उपशामक सेवा म्हणतात. सोप्या भाषेत, आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करायचा. दादा फाइल घेऊन गेला, व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांनी अण्णांना पाहिलं, पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. तिथल्या सिस्टरनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. गोळी चुरून, पाण्यात विरघळवून नळीतून द्यायची. दुखायची वाट बघायची नाही, दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची. बद्धकोष्ठ होतंच, म्हणून पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध सोबत. जखमेला वास येतोय तर अमुक गोळीची पूड ड्रेसिंगच्या वेळी टाका. दोन-दोन तासांनी कूस बदला.

घरात कुजबुज झालीच. "अफूची सवय लागेल." "त्याने माणूस लवकर जातो." सिस्टरनी फोनवर शांतपणे समजावलं, वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात दिलं तर घाबरायचं कारण नाही.

तिसऱ्या रात्री अण्णा सलग पाच तास झोपले. काकू मात्र जाग्याच होत्या, श्वास चालू आहे ना बघत.

त्यानंतर अण्णा सत्तेचाळीस दिवस घरी होते. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. एसटीतले जुने सोबती यायचे. पाटीवर लिहून त्यांनी कुणाकडचे किती येणे, कुणाचे किती देणे, सगळं मिटवलं. दादाशी त्यांचं दहा वर्षं नीट बोलणं नव्हतं, ते या दिवसांत झालं, पाटीवरच. पहिल्या अकरा दिवसांत यातलं काहीही शक्य नव्हतं. दुखणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

लोक बोलायचे. "असंच घरी ठेवलंय?" "सलाईन तरी लावा." हे सलाईनचं मलाही वाटायचं. आपल्याकडे सलाईन लावली म्हणजे उपचार चालू. डॉक्टरांनी सांगितलं, शेवटच्या दिवसांत शरीराला पाणी नको असतं, जास्तीचं पाणी अंगात साठतं आणि धाप वाढू शकते. ओठ ओले करत राहा, तोंड स्वच्छ ठेवा. तेच केलं. अंगणातला माणूस मात्र म्हणतच राहिला, पैशासाठी हात आखडला.

"हार मानली" हे वाक्य तर कितीदा ऐकलं. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचाराबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्या रुग्णांचा त्रास कमी होता, शेवटच्या काळात त्यांच्यावर जड उपचारांचा मारा कमी झाला, तरी ते सरासरीने अडीच महिन्यांहून थोडे जास्तच जगले. म्हणजे ही सेवा शेवटच्या आठवड्यात आठवायची गोष्टच नाही. निदान झालं त्या दिवसापासून तिचा नंबर हातात हवा. आम्हाला तो फार उशिरा मिळाला.

आता उलट बाजूही मांडतो. काही जण विचारतील, "गरिबांना उपचार नाकारायची ही नवी पळवाट तर नाही?" ही भीती खोटी नाही. "घरी न्या" हे परवडत नाही म्हणून ऐकावं लागणं आणि उपचाराचा उपयोग उरला नाही म्हणून ऐकणं, यांत फार फरक आहे. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, उपचार पैशामुळे थांबतोय की उपयोग नाही म्हणून? शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्यानंतर घरी यायचं ठरलं तर ते ठरवून या.

दुसरं, घर म्हणजे कोण? आमच्याकडे घर म्हणजे काकू आणि वहिनी. रात्रीची दोनची गोळी, ड्रेसिंग, चादरी, सगळं त्या दोघींनी केलं. आम्ही पुरुष फोन करत होतो आणि औषधं आणत होतो. वहिनींनी दोन महिने शिवणकाम बंद ठेवलं, त्याचा हिशेब कुणी धरला नाही. सरकारी आरोग्य योजना रुग्णालयातल्या भरतीवर चालतात. भरती केलं असतं तर योजनेतून बिल निघालं असतं. घरी ठेवलं तर गादीपासून कापसापर्यंत सगळं पदरचं. आणि ज्याच्या घरी करणारंच कुणी नाही, त्याचं काय? त्यांच्यासाठी हॉस्पिस लागतं. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. दोन्ही मोठ्या शहरांत. आपल्या तालुक्यातल्या एकट्या म्हातारीने तिथं कसं पोचायचं?

हे जमण्यासारखं नाही असं म्हणू नका. केरळात जमलंय. १९९३ मध्ये कालिकतच्या मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लहान क्लिनिक सुरू केलं. पुढं गावोगावचे स्वयंसेवक जोडले गेले, २००८ मध्ये राज्याने धोरण केलं. आज तिथं पंचायतीच्या पातळीवर नर्स घरी जाते. जगात गरज असलेल्या सात माणसांतल्या एकालाच ही सेवा मिळते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केरळातल्या खेड्यातला माणूस त्या एकात बसतो, आपला बसत नाही.

केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा आहे. आपल्या उपकेंद्रांवर आता "आयुष्मान आरोग्य मंदिर" असा बोर्ड आहे, त्या योजनेतल्या बारा सेवांत ही सेवा नावानिशी लिहिलेली आहे. म्हणजे मी नवीन काही मागत नाही. बोर्डावर जे आहे ते आत मिळावं, एवढंच. मागण्या अशा:

१. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस पॅलिएटिव्ह ओपीडी. बाजाराच्या दिवशी ठेवली तर उत्तम.

२. त्या रुग्णालयाला मॉर्फिनसाठीची मान्यता, आणि एका डॉक्टरचं व एका फार्मासिस्टचं प्रशिक्षण.

३. एक नर्स आणि एक गाडी, जी घरी जाईल. आशाताईंवर आणखी एक काम फुकट लादायचं नाही. द्यायचं असेल तर प्रशिक्षण आणि मोबदल्यासकट द्या.

४. गणेश मंडळांनो, हे तुमच्यासाठी. या वर्षीचा एक डीजे कमी करा. एक फाउलर बेड, दोन हवेच्या गाद्या, एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घ्या. लागेल त्या घरी द्यायचं, काम झालं की परत. मी स्वतः पहिले पाच हजार देतो.

आणि ज्यांच्या घरात आज असा माणूस आहे, त्यांना हात जोडून सांगतो. त्याला विचारा, त्याला काय हवंय. डिस्चार्जच्या वेळी उठू नका, विचारा: दुखलं तर काय, धाप लागली तर काय, रात्री फोन कुणाला? गावातल्या डॉक्टरांना आधीच येऊन बघायला सांगा. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४-अ, उपचार करणारे डॉक्टर देतात. नोंद एकवीस दिवसांत करायची. आम्ही हे आधी बोलून ठेवलं होतं, म्हणून त्या पहाटे धावपळ झाली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. आपल्या तालुक्यात तो हक्क मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळीपाशी अडकलाय.

अण्णा पहाटे गेले. काकू उशाशी होत्या, दादाचा हात हातात होता. कण्हणं नव्हतं. पाटी खाटेखाली होती. आदल्या संध्याकाळी त्यावर त्यांनी काकूंसाठी लिहिलं होतं, "झोप आता तू."

येत्या सोमवारी मी ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना या चार मागण्यांचं निवेदन देणार आहे. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सोबत या. येणं जमत नसेल तर खाली दोन ओळी लिहा, तुमच्या माणसाच्या शेवटच्या दिवसांत काय मिळालं नाही. ते सगळं छापून निवेदनाला जोडतो.